ब्लूजची गिटार : सुटे धडे आणि सलग वादन

बेळगाव-निपाणीच्या मुलखाला सुरांचे वेड जुनेच. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पेटीवादक रामभाऊ बिजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात राहून अनेक शिष्य घडविले. या मुलखातील तरुण गिटार हाती घेतो तेव्हा सूर त्याला अगदीच परके नसतात. तरीही वर्षभराच्या मेहनतीनंतर दोन मिनिटे सलग वाजविणे त्याला पुष्कळदा जमत नाही, आणि वाद्य खुंटीला लागते. कारण एवढेच की, कॉर्ड, लय आणि स्वरावली हे तीन धडे तो तीन निरनिराळ्या वह्यांत ठेवतो.

ते एका सूत्रात ओवण्यास ब्लूजसारखा दुसरा सोपा प्रकार नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात, गुलामगिरीतून सुटलेल्या पण दैन्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे संगीत जन्मले. त्याचा सांगाडा साधा आहे. चार मात्रांचा एक खंड आणि बारा खंडांचे एक आवर्तन. एकतालाच्या बारा मात्रांशी याचा घोळ करू नये. येथे मात्रा अठ्ठेचाळीस होतात. ‘ए’ हा षड्ज धरला, तर पहिले चार खंड ‘ए’ कॉर्डचे, दोन ‘डी’चे, पुन्हा दोन ‘ए’चे, मग ‘ई’ व ‘डी’ यांचा एकेक आणि अखेरचे दोन ‘ए’चे. म्हणजे पंचमावरून मध्यमावर उतरत वादक षड्जाच्या घरी येतो.

लयीत प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात. पहिल्या दोहोंचा मिळून एक लांब आघात, तिसऱ्यावर आखूड. दादऱ्याच्या झोक्याला सरावलेल्या कानाला ही चाल लवकर उमगते.

आता स्वर. सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी, हे पाच. धानी रागाचेही स्वर हेच. खरी खुबी गंधारात आहे. ‘ए’ कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो, तर वरच्या सुरावटीत कोमल. वादक तार किंचित ओढून कोमल गंधाराला शुद्धाच्या दिशेने नेतो. त्या घर्षणातच ब्लूजची व्यथा आहे. पेटीच्या पट्टीला हे साधत नाही, तारेला साधते. पुढे ‘डी सेव्हन’ ही कॉर्ड लागताच तोच कोमल गंधार तिचा घरचा स्वर ठरतो. म्हणून कॉर्ड न ऐकता नुसती स्वरावली घोकणे व्यर्थ होय.

अभ्यासाचा क्रम असा ठेवावा. प्रथम पायाने मात्रा धरून, न थांबता, केवळ कॉर्डची आवर्तने करावीत. मग प्रत्येक खंडाच्या पहिल्या मात्रेवर एकच स्वर ठेवावा : ‘ए’वर षड्ज, ‘डी’वर मध्यम, ‘ई’वर पंचम. त्यानंतर दोन खंड कॉर्ड आणि दोन खंड चार-पाच स्वरांचे लहानसे वाक्य. विख्यात वादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) गाताना गिटार थांबवीत आणि ओळ संपली की तिच्याकडून उत्तर देववीत. नवशिक्यानेही आधी असाच संवाद साधावा. लय संथ असली तरी चालेल. परंतु बोट चुकले म्हणून आवर्तन मोडू नये. चुकलेला स्वर पुढच्या फेरीत सुधारता येतो. तुटलेली लय मात्र तेथल्या तेथे सांधता येत नाही.