संगणकांतला तंबोरा

तंबोऱ्यांची जोडी घेऊन मागें बसणारे शिष्य प्रत्येक गायकाला लाभत नाहींत. म्हणून तंबोऱ्याचा नाद काढणारें सॉफ्टवेअर मैफलींत आलें. तें निवडतांना पहिल्या झंकाराच्या गोडीला भुलूं नये; दहा मिनिटें निवांत ऐकावें. ध्वनिमुद्रित तुकडाच फिरून फिरून वाजत असेल, तर त्याचा सांधा केव्हां तरी ओळखूं येतो, आणि मग कान तेथेंच अडखळत राहतो.

खरी परीक्षा पंचमाची. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर पेटीचा पंचम ७०० वर आणि शुद्ध पंचम जवळजवळ ७०२ वर येतो. फरक क्षुल्लक, परंतु काळी एकच्या, म्हणजे सुमारें १३९ हर्ट्झच्या षड्जाशीं पेटीचा पंचम धरला, कीं षड्जाचा तिसरा व पंचमाचा दुसरा उपस्वर एकमेकांशीं झगडतात आणि दर दोन सेकंदांनीं नाद हेलकावतो. विलंबित ख्यालांत गायकाच्या पायाखालची जमीनच हालावी, तसें हें! पंचम सेंटांनीं सरकवितां येत नसेल, तें सॉफ्टवेअर घेऊं नये.

जवारीचें अनुकरण त्याहून अवघड. तार जेथें छेडावी तेथें जे उपस्वर नियमानें लोपावेत, तेहि तंबोऱ्यांत ऐकूं येतात, हें रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें. खर्जाच्या तारेंतून गांधार स्पष्ट उमटतो तो जवारीमुळें. नुसता दीर्घ स्वर धरणाऱ्या यंत्रांत तो शोधावा लागतो.

मालकंसासाठीं पंचमाची तार मध्यमांत मिळवितांना चालू नाद तुटूं नये, हेंहि घरींच पाहून ठेवावें.