चाकाची सांखळी



शिरूरच्या एस. टी. स्थानकाच्या आसपास, नगर रस्त्याच्या कडेला, पंक्चर काढणाऱ्यांचीं दुकानें आहेत. गाडीची वाट पाहत तेथें उभें राहण्याचा प्रसंग मला वरचेवर येतो, आणि मास्तरकीची जुनी खोड अशी कीं, कान नेहमीं लोकांच्या शब्दांकडे लागलेले असतात. "स्टेपनी काढ," "आतून गेटर टाक," "टायर पार गोटा झालाय" हीं वाक्यें तेथें दिवसभर चाललेलीं असतात. यांतला 'गोटा' आपला, घोडनदीच्या पात्रांतला. परंतु 'स्टेपनी' आणि 'गेटर' हे पाहुणे कोठून आले, याचा शोध घेतां घेतां मी सव्वाशें वर्षें मागें गेलों आणि मोटारीच्या बाल्यावस्थेंतील एका मोठ्या अडचणीपाशीं येऊन पोंचलों. तीच अडचण आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

'स्टेपनी'ची हकीकत लहान आहे. वेल्स देशांत लानेली नांवाचें गांव आहे. तेथील स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंचें लोखंडी सामानाचें दुकान होतें. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला म्हणजे तो रस्त्यांतच उतरवून, ट्यूबला ठिगळ लावून, हातपंपानें हवा भरीत बसावें लागे. १९०४ च्या सुमारास या बंधूंनीं आऱ्यांविना एक लोखंडी कडें तयार केलें. त्यावर हवा भरलेला टायर चढविलेला असे, आणि तें फुटलेल्या चाकाच्या अंगाला पकडींनीं जखडून गाडी पुढें नेतां येई. तें कडें केव्हांच गेलें. त्या रस्त्याचें नांव मात्र आपल्या गॅरेजांत राहिलें. 'गेटर' म्हणजे पायाच्या नडगीवर बांधावयाचें वेष्टण. टायरला चीर पडली म्हणजे जुने मोटारवाले तिच्यावर चामड्याचें असें वेष्टण बाहेरून वादीनें आवळीत असत. आज आपला दुकानदार जुन्या टायरचा तुकडा कापून आंतून बसवितो. काम तेंच, जागा बदलली.

पण मोटारीच्या चाकाला हीं वेष्टणें लागावींत तरी कां? बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर केला. १८९५ सालीं पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेच्या टायरवर मोटार पळविली. वाटेंत टायर पुनःपुन्हां बसले, परंतु एवढें जड वाहन हवेवर चालूं शकतें हें जगाला दिसलें. हाडें खिळखिळीं करणारा प्रवास सुसह्य झाला. मात्र या मऊ चाकाबरोबर दोन दुखणीं आलीं. एक म्हणजे तें नाजुक. रस्ते त्या काळीं घोड्यांचे होते, आणि घोड्यांच्या नालांचे गळून पडलेले खिळे सर्वत्र विखुरलेले असत. दुसरें दुखणें अधिक घातक. त्या टायरचा पृष्ठभाग साफ गुळगुळीत असे. ओल्या रस्त्यावर, लिदीमातीच्या राड्यांत, मोटार सरळ जावयाची सोडून आडवी घसरे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. बैलगाडीचें चाक ओढत नाहीं. तें नुसतें भार वाहतें. त्यावर लोखंडी धांव चढविली कीं चाकाचें रक्षण झालें. जमिनीला धरून ठेवण्याचें काम बैलाच्या खुरांचें. मोटारीला खूरच नाहींत. तिनें चालावयाचें चाकानें, वळावयाचें चाकानें आणि थांबावयाचेंही चाकानेंच. म्हणजे मोटारीचें चाक हें एकाच वेळीं चाकही आहे आणि खूरही आहे. असें म्हटलें म्हणजे पुढचा विचार आपोआप सुचतो. खुराला काय करतात? नाल मारतात.

शिरूरकरांना हें निराळें सांगावयास नको. आमच्या गांवाला लोक आजही घोडनदी म्हणतात, आणि एके काळीं येथें इंग्रजांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कोरेगांवाकडे निघालेली फौज याच छावणींतून निघाली, आणि तींत घोडदळही होतें. बाजाराच्या दिवशीं बैल पाडून त्यांच्या खुरांना पत्र्या ठोकतांना आमच्या पिढीनें लहानपणीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. पश्चिमेकडच्या कारागिरांनीं मोटारीच्या बाबतींत अगदीं हेंच केलें. त्यांनीं टायरला जाड चामड्याचा जोडा शिवला आणि त्याच्या तळाला पोलादी खिळे मारले. १९०५ सालीं मिशेलिन यांनीं असा जो टायर काढला त्याचें नांवच मुळीं जोड्याचा तळ या अर्थाचें होतें. चामड्यानें पंक्चर थांबावें आणि खिळ्यांनीं घसरणें थांबावें, असा दुहेरी हेतु.

हेतु चांगला, परंतु जोडा चावूं लागला. चामडें पाण्यानें फुगे आणि वाळल्यावर आकसे. वेगानें चालतांना तें रबरावर घासून तापे, म्हणजे ज्याचें रक्षण करावयाचें त्यालाच जाळी. खिळे चिखलांत रुतत खरे, पण कोरड्या फरसबंदीवर पोलाद रबरापेक्षांही अधिक घसरतें. फरशीवर पत्र्या मारलेला बैल कसा चालतो तें पाहिलें असेल त्याला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. शिवाय रस्ता उखडे तो निराळाच. पकड वाढवावी तर टायर झिजतो, टायर जपावा तर पकड जाते. पहिल्या पंधरावीस वर्षांतील बहुतेक युक्त्या या पेंचांत अडकल्या.

हा पेंच कसा सुटला, तें मला पुस्तकांत वाचण्यापूर्वीं एका पावसाळी रात्रीं डोळ्यांनीं पाहावयास मिळालें होतें. त्या वेळीं मात्र समजलें नाहीं. १९८३ सालच्या श्रावणांतली गोष्ट. मी तेव्हां भीमेकांठच्या एका लहान गांवीं शिक्षक होतों. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या बाईंना रात्रीं कळा सुरू झाल्या, आणि सुईणीनें हात टेकून "दौंडला न्या" म्हणून सांगितलें. गांवांत जीप एकच. डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर काळ्या रानांतली वाट, आणि दिवसभर झड लागलेली. काळी माती भिजली म्हणजे काय होतें हें नदीकांठच्या माणसांस माहीत आहे. ती नुसती ओली होत नाहीं, लोण्यासारखी होते आणि चाकाला लिंपून बसते. अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या उतारावर जीपचें मागचें अंग सरकूं लागलें. ड्रायव्हरनें ब्रेक दाबला तशी ती अधिकच सरकली. खालीं ओढा दुथडी भरून वाहत होता. आंत ती बाई, तिची सासू. बाहेर मी आणि तिचा नवरा, दोघेही खांदा लावून उभे, आणि आमचेच पाय ठरेनात.

ड्रायव्हर खालीं उतरला. मला म्हणाला, "गुरुजी, चाक धरत नाही. बाईंना हलवू नका, त्या वस्तीवरनं चऱ्हाट आणा." मी धांवत जाऊन मोटेचें जुनें चऱ्हाट आणलें. त्यानें मागच्या चाकांतली थोडी हवा सोडली, चाकाच्या भोकांतून दोर ओवून टायरवर आडवे वेढे घेतले आणि गांठी मारल्या. मग जीप अगदीं हळूं, खोकत खोकत, उतार चढून गेली. डांबरी रस्त्यावर येईतों त्या दोराचें सुंभ झालें होतें, आणि एके ठिकाणीं त्यानें टायरच्या कडेला खोल वळ पाडला होता. ड्रायव्हरनें विळ्यानें उरलेले वेढे कापले आणि आम्ही दौंडला पोंचलों. पहांटे मुलगा झाला. मायलेकरें सुखरूप होतीं.

अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील कॅनस्टोटा या गांवीं हॅरी वीड नांवाचा गृहस्थ होता. चिखलांत आणि बर्फांत अडकलेले मोटारवाले टायरला दोर गुंडाळतात, हें तोही पाहत होता. दोराऐवजीं लोखंडाची सांखळी घ्यावी, येथपर्यंत तर कोणाचीही बुद्धि जाईल. वीडची खरी करामत पुढें आहे. त्यानें टायरच्या दोन्ही अंगांना एकेक गोल सांखळी ठेवली, त्या दोहोंना जोडणाऱ्या आंखूड सांखळ्या टायरवरून आडव्या टाकल्या, आणि हें सारें जाळें चाकाला घट्ट न बांधतां सैल ठेवलें. चाक फिरतांना सांखळी टायरवर किंचित किंचित पुढें सरकत राहते. त्यामुळें तिचा दाब एकाच जागीं पडत नाहीं आणि टायर एका ठिकाणीं कापला जात नाहीं. शिवाय ती चढविण्यास गाडी जॅकवर उचलावी लागत नाहीं. जमिनीवर अंथरून तिच्यावर चाक घ्यावें आणि टोकें जोडावींत, आणि चांगला रस्ता लागतांच उतरवून ठेवावी. २३ ऑगस्ट १९०४ रोजीं त्याला या युक्तीचें पेटंट मिळालें. आमच्या ड्रायव्हरनें गांठ आवळली आणि टायरला वळ पडला. वीडनें गांठ सैल सोडली. मला तर ही सैल गांठच सांखळीपेक्षां मोठा शोध वाटते. आजही हिमाचलांत किंवा काश्मीरांत हिवाळ्यांत जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर याच घडणीच्या सांखळ्या दिसतात.

मैदानी प्रदेशांत मात्र सांखळीचा पाड लागला नाहीं. तेथें कारागिरांनीं रबरालाच नखें दिलीं. १९०४ सालीं जर्मनींतील कॉन्टिनेन्टल कंपनीनें नक्षीदार पृष्ठभागाचा टायर आणला. १९०८ सालीं अमेरिकेंत फायरस्टोन यांनीं 'घसरणार नाहीं' या अर्थाचीं इंग्रजी अक्षरेंच टायरवर तिरपीं उठविलीं, आणि तीं अक्षरें म्हणजेच त्याच्या खांचा. पुढें रबरांत काजळी मिसळूं लागले आणि पूर्वींचा फिकट टायर काळा झाला. ही काजळी कांहीं रंगासाठीं नव्हे, तिनें रबराचें आयुष्य कितीतरी पटींनीं वाढतें. अशा रीतीनें रक्षण काजळीकडे गेलें आणि पकड खांचांकडे. खांचेचें मुख्य काम पाण्याला वाट देणें. चारचाकीचा प्रत्येक टायर रस्त्याला सुमारें तळहाताएवढाच टेकलेला असतो. त्या तळहाताखालचें पाणी बाहेर निघालें नाहीं तर टायर पाण्यावर तरंगूं लागतो, आणि मग सुकाणूचक्र हातांत असून नसल्यासारखें.

शाळेंतलें थोडें गणित सांगतों, कंटाळूं नये. ताशीं साठ किलोमीटर म्हणजे सेकंदास जवळजवळ सतरा मीटर. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरच्या गाडीला ब्रेक लागल्यापासून थांबावयास सुमारें वीस मीटर लागतात. पकड निम्मी झाली तर हेंच अंतर चाळीस मीटर होतें. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी सतरा. नगर रस्त्यावर दोन वाहनांमध्यें सत्तावन मीटर अंतर राखलेलें आपण कितीदां पाहिलें आहे, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

या रस्त्याचें मला विशेष कौतुक आहे. १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी नगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगराहून, पुण्यास गेली ती याच वाटेनें, शिरूरवरून. आज तो रुंद झाला आहे. न्हावरे, पारगांव, चौफुला या मार्गानें दौंडकडे जाणारा रस्ताही आमच्या वेळच्या मानानें राजरस्ताच म्हणावा. परंतु उसाच्या हंगामांत शेतांतून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर तीच काळी माती डांबरावर आणून टाकतात. अवकाळीची एक सर आली कीं ओढ्याच्या उतारावरचें लोणी थेट हमरस्त्यावर येतें. पहिल्या पावसांत त्यांत रस्त्यावरचें तेलही मिसळतें. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सी. सी. वरील नव्या दुचाकींना, ब्रेक दाबला असतां चाक जाम होऊं न देणारी योजना सक्तीची झाली आहे. फार चांगलें झालें. पण ती योजना टायरमध्यें असलेल्या पकडीचाच उपयोग करते, नसलेली पकड ती आणणार कोठून? मोटारीच्या टायरच्या खांचेची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली म्हणजे तो बाद समजावा असा दंडक आहे, आणि ती मर्यादा दाखविणाऱ्या बारीक पट्ट्या खांचांतच बसविलेल्या असतात. खालीं वांकून पाहण्याचे श्रम तेवढे घ्यावे लागतात.

त्या रात्रीं दौंडला जन्मलेला मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, आणि शाळेच्या मुलांना ने-आण करणारी एक गाडी चालवितो. गेल्या ज्येष्ठांत मी तिच्यांत बसण्यापूर्वीं संवयीप्रमाणें वांकून पाहिलें. मागचे दोन्ही टायर गोटा, पुढचे त्या मार्गावर. मी बोललों तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, अजून चार महिने आरामात निघतील." मी त्याला त्या रात्रींची हकीकत प्रथमच सविस्तर सांगितली, चऱ्हाट, ओढा, सारें. त्याच्या आईनें ती कधींच सांगितली नव्हती. तो कांहीं बोलला नाहीं, पण आठ दिवसांनीं मागचे टायर नवे दिसले. पुढच्यांचें दिवाळीनंतर पाहूं, असें तो म्हणतो. आमच्याकडे परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळतो, हें मीं त्याला सांगून ठेवलें आहे.