मुक्त लेखन आणि चरितार्थ



ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात वाचकांची वानवा कधीच नव्हती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये निघाले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ व २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये भरले. तरीही या भागात एखाद्याने आपला व्यवसाय 'लेखन' असा सांगितला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "ते झाले, पण नोकरी कुठे?" या प्रश्नात हेटाळणी कमी आणि अनुभव अधिक आहे.

ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक आणि 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते वि. ल. भावे यांचा चरितार्थ मिठाच्या व्यवसायावर चाले. पुढे डोंबिवलीत पु. भा. भावे (१९१०–१९८०) राहिले. १९७७ च्या पुणे संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि कथा, कादंबरी, नाटक, निबंध, वृत्तपत्रीय लेखन असे सारे त्यांनी लिहिले. डोंबिवलीकर शं. ना. नवरे (१९२७–२०१३) यांनी नोकरी सांभाळून लेखनाचा संसार उभा केला. त्यांच्या कथा मासिकांतून गेल्या, नाटके रंगभूमीवर आली, चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी त्यांनी लिहिले, वृत्तपत्रात सदर चालविले. एकाच लेखणीला अशी पाच-सहा दारे असावी लागतात, हे नवऱ्यांकडे पाहून कळते. एका दारावर विसंबलेला लेखक बहुधा उपाशी राहतो.

हिशेबच मांडून पाहावा. समजा, दोनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची एक हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि स्वामित्वधन शेकडा दहा ठरले. सगळ्या प्रती खपल्या, तर लेखकाच्या हाती वीस हजार रुपये येतात. आवृत्ती संपण्यास दोन वर्षे लागली, तर दरमहा आठशे तेहतीस! एवढ्यात लोकलचा पास निघेल, घर चालणार नाही. उलट, भाषांतराला शब्दामागे एक रुपया दर मिळाला आणि दिवसाकाठी दीड हजार शब्द हातावेगळे झाले, तर वीस दिवसांत तीस हजार होतात. अर्थात वीस दिवसांचे काम मिळाले तर. म्हणून पुस्तक हे लेखकाचे नाव करते आणि भाषांतर, जाहिरातींचा मजकूर, स्मरणिका, सहकारी संस्थांचे इतिहास, मालिकांचे संवाद ही कामे त्याचे घर चालवितात. घोडबंदर मार्गावर मालिकांचे चित्रीकरण होऊ लागल्यापासून संवादलेखकाला मुंबई गाठण्याचे कष्ट थोडे कमी झाले आहेत. या कामांना 'पोटार्थी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा महिनाअखेर लेखकाच्या घरी काढावी.

परंतु दर आणि दारे यांहूनही महत्त्वाचा आहे तो कराराचा कागद. आपल्याकडे लेखक मजकूर शंभरदा तपासतो आणि करारपत्रावर न वाचता सही करतो, किंवा करारपत्र मागण्याचाच त्याला संकोच वाटतो. १९५७ चा प्रताधिकार अधिनियम मात्र लेखकाच्या बाजूने बराच बोलतो. वेतनावरील नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचे नियम वेगळे आहेत. मुक्त लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः तो स्वतःच असतो. हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा, तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी बोलण्याने प्रताधिकार हस्तांतरित होत नाही. करारात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे नमूद व्हावयास हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापरच केला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. हक्क विकल्यानंतरही आपण या कृतीचे कर्ते आहोत, असे सांगण्याचा अधिकार लेखकापाशी उरतोच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिणाऱ्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य मार्गांनी होणाऱ्या वापराच्या स्वामित्वधनातील आपला समान वाटा सोडून देता येत नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. एकरकमी पाच हजारांसाठी 'सर्व हक्क कायमचे' या तीन शब्दांखाली सही करणारा लेखक नातवंडांच्या वाट्याचेही देऊन बसतो.

शासकीय कामाची गोष्ट निराळी. शासनाच्या निर्देशाखाली तयार झालेल्या कृतीचा प्रताधिकार, उलट करार नसल्यास, शासनाकडे जातो. तेव्हा अशा कामाचे मानधन ठरवितानाच लेखकाने हे ध्यानी घ्यावे.

नोकरीतील मंडळींना एक शंका नेहमी भेडसावते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला, सरकारी कामाला बाध येत नसेल तर, प्रासंगिक साहित्यिक लेखनास पूर्वपरवानगी लागत नाही. नियमित व्यवसाय मात्र वेगळा. तो करावयाचा तर मंजुरी हवी. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी नवलेखकांना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. शाळांतील तरुण शिक्षकांनी तिची चौकशी जरूर करावी.

आणि पंचायत सदस्यांसाठी. गावचा इतिहास किंवा शताब्दीची स्मरणिका लिहून घेताना 'आपल्याच गावचा मास्तर, त्याला काय द्यावयाचे' असे म्हणून शाल-श्रीफळावर काम भागविण्याची रीत आहे. मंडप, भोजन आणि छपाई यांचे पैसे बिनबोभाट दिले जातात. ज्याने वर्षभर जुनी दप्तरे चाळली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलते केले, तो तेवढा राहतो. ठरावात लेखनाची रक्कम, पाने, मुदत, आगाऊ द्यावयाचा हप्ता, मुखपृष्ठावरील नाव आणि दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कोणाचा, एवढे नोंदविण्यास एक पान पुरते. ते पान मजकूर लिहावयास बसण्यापूर्वी तयार व्हावे आणि त्याची एक प्रत लेखकाच्या हाती द्यावी.