सैनिकाचे गाऱ्हाणे आणि घरची माणसे
(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपणांपैकी पुष्कळांच्या घरी लष्करातून आलेली काळी लोखंडी पेटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव लिहिलेले असते. माझा एक चुलतभाऊ अशी पेटी घेऊन रजेवर येई. तो गाडीतून उतरला रे उतरला की लोक विचारीत, "काय रे, किती पाडलेस?" तो हसून पुढे जाई. एके रात्री मात्र तो मला म्हणाला, "दादा, ह्यांना तिकडचे काही ऐकावयाचे नसते. ह्यांना स्वतःचेच बोलणे आमच्या तोंडून ऐकावयाचे असते."

ह्या बोलण्याचा खरा अर्थ मला सिगफ्रीड ससून ह्या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत वाचताना उमगला. पहिले महायुद्ध पुकारले जाण्याच्या सुमारासच, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, तो आपण होऊन सैन्यात दाखल झाला होता. १९१५ साली त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेत गेला. १९१६ साली शत्रूच्या गोळीबारात दीड तास थांबून त्याने जखमी सोबती उचलून आणले व त्याबद्दल त्याला 'मिलिटरी क्रॉस' हे पदक मिळाले. त्याच वर्षी, १ जुलै रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक ठार झाले. तेव्हा हा मनुष्य भित्रा होता असे कोणासही म्हणता येणार नाही.

१९१७ च्या एप्रिलमध्ये खांद्याला गोळी लागून तो मायदेशी परतला आणि तेथेच त्याचा संताप अनावर झाला. घरी नाट्यगृहांत रणगाड्यांवर विनोदी गाणी चालली होती. जे कधी खंदकात उतरले नव्हते ते विजय मिळेपर्यंत लढण्याची भाषा सर्वांत मोठ्याने बोलत होते. त्या जुलैमध्ये ससूनने आपल्या वरिष्ठांस एक निवेदन पाठविले. स्वसंरक्षणाचे व मुक्ततेचे म्हणून मी ज्या युद्धात उतरलो, ते आता आक्रमणाचे व जिंकण्याचे युद्ध झाले आहे, आणि ज्यांना ते थांबविता येईल तेच ते मुद्दाम लांबवीत आहेत, असा त्यातील आरोप होता. मात्र शेवटचा रोख सरकारावर नव्हता, घरी बसलेल्या बहुसंख्य लोकांवर होता. जी यातना आपण भोगीत नाही व जिची आपल्याला कल्पनाही करता येत नाही, ती चालू राहावी असे हे लोक निर्विकार समाधानाने इच्छितात, हे त्याचे खरे गाऱ्हाणे होते.

आता ह्यापुढचा भाग मला, वकील म्हणून, विशेष बोधप्रद वाटतो. ससूनला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावयाचे होते. खटला झाला असता म्हणजे त्याचे म्हणणे नोंदले गेले असते, त्याचा प्रतिवाद करावा लागला असता. सरकारने ते टाळले. प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे गेले. मित्राला शिक्षेपासून वाचवावे ह्या हेतूने कवी रॉबर्ट ग्रेव्हज याने त्याच्या मनावर आघात झाल्याची साक्ष दिली आणि ससूनची रवानगी एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात झाली. ३० जुलै १९१७ रोजी ते निवेदन पार्लमेंटात वाचले गेले, तेव्हा युद्धखात्याच्या उपमंत्र्याने उत्तर काय दिले? तो अधिकारी आजारी आहे! वादीला रोगी ठरविले की दाव्याला उत्तर द्यावे लागत नाही. ही युक्ती कोर्टात मी अनेकदा पाहिली आहे, आणि गावकीतही.

त्याच १९१७ साली १११ महार पलटण उभारली गेली व १९२१ साली मोडली गेली, हे आपण जाणता. त्याआधीही महारांची भरती बंद झाली असता, पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली सरकारकडे अर्ज करावा लागला होता. आपल्या वाडवडिलांचे दुःख विसरले जाण्याचे होते. ससूनचे दुःख निराळे. त्याला कोणी विसरले नव्हते. लोक त्याच्या पदकाची वाहवा करीत होते, फक्त त्याचे ऐकत नव्हते. ह्या दोहोंत कोणते अधिक जिव्हारी लागते, हे मला सांगता येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९१७ साली तह झाला असता तर तो टिकला असता काय, ह्याविषयी उतारवयात खुद्द ससूनलाच शंका वाटली. म्हणजे त्याच्या राजकीय मताशी तुमचा मतभेद होऊ शकतो. परंतु ऐकून न घेता निकाल देणाऱ्या घरच्या माणसांचे समर्थन त्यामुळे होत नाही.

रुग्णालयात त्याला डॉ. रिव्हर्स भेटले. निलगिरीच्या तोडा लोकांत राहून त्यांच्या चालीरीती लिहून काढणारे तेच हे गृहस्थ. ते ऐकून घेणारे होते. त्याच नोव्हेंबरमध्ये ससून पुन्हा लढाईवर जावयास निघाला. मत बदलले म्हणून नव्हे, आपली माणसे तिकडे आहेत आणि आपण इकडे सुखरूप आहोत हे सोसवेना म्हणून. १९१८ च्या जुलैमध्ये त्याच्या डोक्याला गोळी चाटून गेली. ती त्याच्याच बाजूच्या सैनिकाने चुकून झाडलेली होती.

माझा चुलतभाऊ आता निवृत्त झाला आहे. गेल्या खेपेस मी त्याला काही एक विचारले नाही, नुसता ओट्यावर शेजारी बसून राहिलो. तो दोन तास बोलला. बहुतेक बोलणे गोठलेल्या पाण्याविषयी आणि रॉकेलच्या स्टोव्हविषयी होते.