लढाईतला छातीचा फोटो



मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीतला एक गवंडी सारखा खोकत होता. दोन महिने झाले तरी खोकला हटेना. आम्ही म्हटलं, "अरे बाबा, दवाखान्यात जा." तो म्हणाला, "गुरुजी, क्षय निघाला तर कामावर कोण घेईल? मी घरी बसलो तर पोरं खातील काय?"

आम्ही गप्प बसलो. हाच प्रश्न एकदा इंग्लंड देशातल्या कामगारांनाही पडला होता. ती हकिकत आज सांगतो.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडवर बाँब पडणार, जखमी माणसे येणार, म्हणून तिथल्या सरकारने इस्पितळांतल्या खाटा रिकाम्या करून ठेवल्या. त्यासाठी क्षयाचे पुष्कळ रोगी घरी पाठवले. आमच्या मते ही मोठी चूक झाली. क्षय हवेतून पसरतो. रोगी खोकला की जंतू हवेत येतात. त्यात रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून घरांच्या आणि कारखान्यांच्या खिडक्या झाकलेल्या. आत माणसांची दाटी, हवा कोंडलेली. १९४० आणि १९४१ साली क्षयाने मरणारांची संख्या वाढली.

हा रोग सुरुवातीला लवकर कळत नाही. माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो. पण छातीचा एक्स-रे फोटो काढला तर फुप्फुसावरचा डाग दिसतो. ब्राझील देशातल्या आब्रेऊ नावाच्या डॉक्टरांनी १९३६ साली अगदी लहान आकाराचा फोटो काढण्याची रीत शोधली होती. त्याला खर्च थोडा. दिवसाला शेकडो माणसे तपासून होत. १९४३ पासून इंग्लंडमध्ये हे यंत्र कामगारांसाठी फिरू लागले. डाग दिसला की त्या माणसाला जवळच्या क्षय-दवाखान्यात पाठवीत. असा दवाखाना डॉक्टर रॉबर्ट फिलिप यांनी एडिंबरो शहरात १८८७ सालीच काढला होता. तिथे नुसता रोगी तपासत नसत, त्याच्या घरची माणसेही तपासत.

पण फोटोला उभे राहायचे कोणी? रोग निघाला तर महिनोन् महिने विश्रांती. तेव्हा क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. मग मजुरी बुडणार! म्हणून १९४३ सालीच सरकारने उपचार चालू असेपर्यंत रोग्याच्या कुटुंबाला पैसे द्यायचे ठरवले. मात्र ज्यांचा रोग जुना, बरा न होणारा, त्यांना ते दिले नाहीत. लढाईला कामाचे हात हवे होते ना! हे काही आम्हाला पटत नाही.

आपल्याकडे आज क्षयावर चांगली औषधे आहेत. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट मिळते. दोन आठवडे खोकला राहिला की थुंकी तपासून घ्यावी. आहारासाठी रोग्याच्या बँक खात्यात पैसे येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिना १००० रुपये झाले. त्यात गवंड्याची मजुरी भरून निघत नाही, हे आम्हीही जाणतो.

तरी आम्ही त्याला हाताला धरून नेले. थुंकीत जंतू निघाले. औषध त्याच दिवशी सुरू झाले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात आणखी कोण कोण आहे?"

सोमवारी त्याची बायको दोन्ही पोरांना घेऊन तपासणीला गेली.