पहिला नमुना



पारोळ्याच्या आठवडे बाजारात तुम्ही पुष्कळदा गेला असाल. दोन भाजीवाल्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. दोघींपुढे भरताची वांगीच. एक नुसतीच ओरडते, "घ्या वांगी, घ्या वांगी!" दुसरी एक वांगे हाती धरून म्हणते, "सकाळी तोडलेलं आहे, बी कमी आहे, कपाशीच्या काड्यांवर भाजून पाहा." गिऱ्हाईक कोणापुढे थांबते, हे मी सांगायला नको.

हीच कला आज एका नव्या धंद्यात लागते. तो धंदा म्हणजे व्हिडिओ गेम. खेळ तयार करणाऱ्या मंडळींना स्टुडिओ म्हणतात. तिथे चित्रे काढणारे असतात, संगणकाची आज्ञावली लिहिणारे असतात, आणि खेळाची ओळख लोकांना करून देणारेही असतात. हे शेवटचे काम मुख्यतः लेखणीचे आहे. आपल्या तालुक्यातल्या मुलामुलींना ते जमण्यासारखे आहे, असे मला वाटते.

पण अडचण अशी की, काम मागायला गेले म्हणजे पहिला प्रश्न येतो, "पूर्वी केलेलं काही दाखवा." काम मिळाल्यावाचून नमुना नाही, आणि नमुन्यावाचून काम नाही. पुण्यामुंबईच्या मुलाला ओळखीपाळखी असतात. आपल्या मुलाने काय करावे? त्याने सरावाची जाहिरात लिहावी. बाजारात आलेला एखादा खरा खेळ घ्यावा आणि त्याच्या स्टुडिओने आपल्यालाच काम दिले आहे असे समजून ओळख तयार करावी.

उदाहरणच घेऊ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या स्टुडिओने 'राजी' नावाचा खेळ केला. 2017 साली त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडे वर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडले नाही. 2020 साली खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी 'द गेम ॲवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांमध्ये त्याला नामांकन मिळाले. कसरती करणारी एक मुलगी, राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते, अशी त्याची कथा.

आता याची जाहिरात कशी लिहाल? नवखा मुलगा लिहील, "भव्य, थरारक, अद्भुत खेळ! आजच घ्या!" ही झाली पहिली भाजीवाली. कोणत्याही खेळाला हे शब्द चिकटवता येतात. त्याऐवजी असे लिहा: "राक्षसांनी भाऊ नेला. बहिणीच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ आला. आता ती मागे फिरणार नाही." बहीणभावाचे नाते खान्देशात कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

'स्टीम' नावाची संगणकी खेळांची मोठी पेठ आहे. तिथे खेळाच्या पानावर थोडक्यात ओळख लिहावयाची, ती सुमारे 300 अक्षरांत. शिवाय खेळातली निदान पाच चित्रे लागतात. म्हणून सरावाला एवढेच साहित्य पुरे: 300 अक्षरांची ओळख, पाच चित्रांची निवड, प्रत्येक चित्राखाली एक ओळ, आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीचा मजकूर. आधी खेळ स्वतः खेळा. ते शक्य नसेल तर दुसरा खेळताना पूर्ण पाहा. प्रथम आपल्या बोलीत लिहा. अहिराणीत विचार येत असेल तर अहिराणीत लिहा, मग इंग्रजीत न्या. झाल्यावर खेळ न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, "काय कळलं?" त्याला सांगता आले नाही, तर दोष आपल्या लिहिण्याचा समजा.

दोन पथ्ये मात्र कडक पाळा. एक, नमुन्यावर ठळक अक्षरांत लिहा की हा सराव आहे, स्टुडिओने हे काम दिलेले नाही. "मी त्यांच्यासाठी काम केले" अशी थाप मारून मिळालेली नोकरी, थाप उघडी पडली की जाते, आणि नाव कायमचे खराब होते. खेळात जे नाही, ते ओळखीतही नको.

दुसरे पथ्य आईबापांसाठीही आहे. खेळ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोबाइलवर पैसे लावून होणारा जुगार येतो. ती भीती खोटी नव्हे. त्यापायी घरे बसली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा सरावासाठीसुद्धा तसला खेळ घेऊ नका. कथेचा, कोड्यांचा खेळ घ्या. आणि आईबापांनो, मुलगा लिहीत बसला असेल तर आधी तो कोणत्या खेळावर लिहितो आहे हे विचारा, मग रागवायचे की नाही ते ठरवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत संगणक नसला तरी हा धडा देता येईल. पारोळ्याचा भुईकोट किल्ला मुले रोज पाहतात. तो कधीही न पाहिलेल्या माणसासाठी त्याची ओळख तीन वाक्यांत लिहायला सांगा. अट एवढीच की 'भव्य' आणि 'ऐतिहासिक' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. मग मुले खंदकाकडे, बुरुजांकडे, पडक्या तटाकडे नव्याने पाहू लागतील. जी वस्तू विकायची ती आधी नीट पाहायची, ही सवय एकदा लागली म्हणजे पुढे वांगी असोत की खेळ, लेखणी अडत नाही.

पहिला नमुना कोणी देत नसतो, तो आपला आपणच करायचा असतो. या रविवारी एक लिहून पाहा.