तीस वर्षांचा प्रश्न, सात महिन्यांची फाईल



कारखान्यांतल्या डॉक्टर-परिचारिकांच्या या परिषदेत अध्यक्षानं जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं, एवढा एकच नियम या खुर्चीला लागू आहे. म्हणून सरळ मुद्द्याला हात घातलेला बरा.

करोनाच्या दोन वर्षांत पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत एक शब्द शिरला. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभं होतं, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये खाटा लागल्या होत्या आणि बाहेर ताटकळणारे नातेवाईक एकमेकांना विचारत होते, ‘सीआरपी किती आला?’ फिटर, वेल्डर, रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, सगळ्यांना तो आकडा कळू लागला होता. साठ म्हणजे काळजी, दीडशे म्हणजे धावपळ. साथ ओसरली आणि शब्दही विरला. आज इथे ज्या सीआरपीबद्दल बोलायचं आहे तो साठ किंवा दीडशे नाही. तो एक ते तीनच्या दरम्यान घुटमळणारा, ज्याचा माणसाला पत्ताही लागत नाही असा सीआरपी आहे.

सीआरपी म्हणजे ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’; या प्रथिनाचा शोध १९३० सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जिवाणूतल्या ‘सी’ नावाच्या एका घटकाला त्या रक्तातलं काहीतरी जाऊन चिकटतं, आणि रुग्ण बरा झाला की ते नाहीसं होतं, असं त्यांना दिसलं. पुढे कळलं की हे प्रथिन यकृत बनवतं आणि ते बनवण्याचा निरोप मुख्यतः इंटरल्युकिन-६ हा रेणू देतो. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत त्याची पातळी वाढू लागते आणि ती शेकडो पटींनी वाढू शकते. त्यामुळे पन्नासेक वर्षं डॉक्टरांनी त्याच्याकडे तापाच्या थर्मामीटरइतपतच पाहिलं.

हृदयाशी त्याचं नातं ठळकपणे पुढे आलं १९९७मध्ये. बॉस्टनच्या पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी निरोगी अमेरिकी डॉक्टरांचं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. ज्यांचा सीआरपी सर्वांत वरच्या चौथाईत होता त्यांना पुढच्या वर्षांत हार्ट अ‍ॅटॅक येण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या चौथाईच्या सुमारे तिप्पट निघालं. रक्त दिलं त्या दिवशी ही माणसं ठणठणीत होती. धमनीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचतं, त्याला निस्तरायला पांढऱ्या पेशी येतात, तिथेच अडकतात, आणि वर्षानुवर्षं मंद दाह धुमसत राहतो. त्या थरावरचं पातळ आवरण एखाद्या पहाटे फाटतं, गुठळी होते, आणि माणूस ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पितो. आवरण पातळ करण्यात दाहाचा मोठा वाटा असतो, हे आता पुरेसं स्पष्ट झालं आहे.

त्याच गटाचा २०२४चा अभ्यास या परिषदेच्या दृष्टीनं जास्त मोलाचा आहे. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या २७,९३९ स्त्रियांनी एकदा रक्त दिलं होतं. त्यांच्यावर तीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सीआरपी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात असलेल्या स्त्रियांना खालच्या पाचव्या हिश्शातल्यांपेक्षा हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका ७० टक्क्यांनी जास्त निघाला. एलडीएल कोलेस्टेरॉलसाठी तोच आकडा ३६ टक्के, लायपोप्रोटीन-ए साठी ३३. या स्त्रिया बहुतांश गोऱ्या, शिकलेल्या, आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या होत्या. चाकणच्या वायरिंग हार्नेसच्या लाईनवर उभ्या असलेल्या मुलीला ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पन्नाशीतल्या रक्ताचा एक थेंब ऐंशीपर्यंतचं काही सांगू शकतो, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

आता थोडं थंड पाणी. सीआरपी स्वतः गुन्हेगार आहे का? ज्यांच्यात जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी जास्त असतो, त्यांना त्यापायी हृदयविकार जास्त होत नाही, असं मोठ्या जनुकीय अभ्यासांनी दाखवलं आहे. उलट इंटरल्युकिन-६च्या मार्गात बदल असणाऱ्यांमध्ये धोका बदलतो. म्हणजे सीआरपी हा कारखान्याचा भोंगा आहे. भोंगा बंद पाडून आग विझत नाही. तेव्हा ‘सीआरपी कमी करणारं’ म्हणून विकलं जाणारं प्रत्येक चूर्ण आणि प्रत्येक कॅप्सूल संशयानं पाहिलेली बरी.

आग विझवण्याचे प्रयत्न मात्र झाले आहेत. २०१७च्या कॅन्टॉस चाचणीत आधी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत दाह रोखणारं कॅनाकिनुमॅब तपासलं गेलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता धोका मधल्या मात्रेत १५ टक्क्यांनी घटला, पण जीवघेणे जंतुसंसर्गही थोडे वाढले, आणि औषध सामान्यांच्या आवाक्याबाहेरचं. पुढच्याच वर्षी स्वस्त मेथोट्रेक्सेटची चाचणी फसली. मग आलं कोल्चिसिन, गाउटवरचं जुनं औषध. २०२०मध्ये साडेपाच हजार रुग्णांच्या चाचणीत त्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमनं धोका ३१ टक्क्यांनी उतरला; २०२४मध्ये अ‍ॅटॅकनंतर लगेच ते देऊन पाहिलेल्या सात हजार रुग्णांच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. वाद चालू आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीत हेच कोल्चिसिन असतं, हे ऐकून कुणी काढा उकळायला घेऊ नये. ती वनस्पती जीव घेते.

परदेशातल्या चाचण्यांची चर्चा इथेच थांबवून पुण्याकडे यायला हवं, कारण या विषयातलं एक मूलभूत काम इथून तासाभराच्या अंतरावर झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी १९९९मध्ये दाखवलं की खेड्यातल्या भारतीयांपेक्षा शहरी भारतीयांच्या रक्तात दाह वाढवणारे रेणू जास्त आहेत. पुढे २००८मध्ये पुणे परिसरातले खेडेगाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतले तीस ते पन्नास वयाचे ४४१ पुरुष तपासले गेले. गावातल्या पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत चरबी, दाहाच्या खुणा आणि साखर जास्त होती.

याज्ञिक-युडकिन जोडीचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस बारीक दिसतो, पण पोटाच्या आत चरबी बाळगून असतो, आणि ती चरबी दाहाचे रेणू सोडत राहते. वढू परिसरातल्या गावांत १९९३पासून चाललेल्या अभ्यासात हे चित्र जन्मतःच दिसलं. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत मार खातात, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकवून असतात.

कारखान्याच्या गेटवर होणारी तपासणी यात कुठे बसते? उंची, वजन, बीपी, डोळे, कानाची चाचणी, ‘फिट’चा शिक्का. बासष्ट किलोचा सडपातळ ऑपरेटर पहिल्या मिनिटात पास होतो. कमरेला टेप लावण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी नाही. पन्नास रुपयांची टेप, पण तिच्यासाठी रकाना छापलेला नसतो. आणि वय? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्रशांत जोशी ज्याचे पहिले लेखक आहेत त्या २००७च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला, इतर देशांत ५८.८व्या. घरचे कर्जाचे हप्ते अजून फिटायचे असतात ते हे वय.

त्यात तिसरी पाळी. २०१२मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांत हार्ट अ‍ॅटॅकचं प्रमाण सुमारे २३ टक्के जास्त होतं. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या या पट्ट्यात नाईट करून सकाळी ओव्हरटाईम ओढणारा, तंबाखू-चुन्यावर झोप मारणारा, हिरड्यांतून रक्त येत असूनही दातांच्या डॉक्टरकडे न गेलेला माणूस विरळा नाही. त्याचा सीआरपी तीनच्या वर निघाला तर आश्चर्य कसलं? हिरड्यांचा दाह, धूर, अपुरी झोप, पोटाची चरबी, सगळे एकाच भोंग्याची दोरी ओढतात.

म्हणून तपासणी करायचीच तर नीट करावी. साधी सीआरपी चाचणी या कामाची नाही, बारीक पातळीही अचूक मोजणारी एचएस-सीआरपी लागते. एकच्या खाली धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त. हे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरचे. काही लॅब प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, तिथे दहापटीचा फरक पडतो आणि निम्मे घोळ तिथेच होतात. सर्दी-ताप, दाढ काढलेली, बोट मशीनमध्ये चिरलेलं असताना रक्त घेऊ नये. दहाच्या वर आला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावं. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी’ या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२५मध्ये ही चाचणी सरसकट सुचवली आहे. इथे मात्र ती ‘फुल बॉडी’ पॅकेजातली त्रेसष्टावी ओळ होऊन पडली तर तिचा उपयोग शून्य. रिपोर्ट वाचणारा माणूस आधी हवा.

एका धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. हा आकडा मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर जाता कामा नये. ज्याचा सीआरपी जास्त त्याला पुढच्या वेळी गेटवरच थांबवायचं, असा शॉर्टकट काढायला फार बुद्धी लागत नाही. ज्या पाळीनं तो आकडा वाढवला, त्याच पाळीवरून माणसाला काढून टाकणं याला आरोग्य तपासणी म्हणत नाहीत.

आणि मूळ अडचण याहून खोल आहे. तीस वर्षांचा धोका मोजायचा तर तीस वर्षांची नोंद हवी. बॉस्टनच्या संशोधकांनी रक्त गोठवून ठेवलं आणि माणसं हरवू दिली नाहीत. आपल्याकडे टेम्पररी कामगाराला दोनशे चाळीस दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ मिळतो. आज तो तळवड्यात प्रेसवर, दिवाळीनंतर म्हाळुंग्यात पॅकिंगला, पुढच्या वर्षी रांजणगावात. प्रत्येक ठेकेदाराकडे नवा फॉर्म, नवं रक्त, नवी फाईल, आणि जुनी फाईल कुणाच्या कपाटात, ते कुणालाच ठाऊक नाही. चाळिशी ओलांडलेल्यांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद नव्या कामगार संहितेत आली, हे चांगलंच झालं. पण दरवर्षी एकेक सुटा आकडा गोळा करून काय साधणार? गेल्या वर्षी १.२ होता, यंदा ३.४ झाला, हे कळण्यासाठी दोन्ही कागद एका टेबलावर यावे लागतात.

यावर नवं काही शोधायची गरज नाही. विमाधारक कामगाराचा ईएसआय क्रमांक नोकरी बदलली तरी बदलत नाही. रक्ताचा रिपोर्ट त्या क्रमांकाला जोडावा, त्याची प्रत कामगाराच्या मोबाईलवर जावी, कारखान्याकडे फक्त ‘कामास योग्य’ एवढंच जावं. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की ईएसआयचं छत्र सुटतं. त्यांच्यासाठी ‘आभा’ हा डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक आहे. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. कमतरता आहे ती हे काम कुणाचं, हे ठरवण्याची.

दुपारच्या सत्रात ठेकेदार संस्थांचे प्रतिनिधी याच सभागृहात बसणार आहेत. औषधांवरचे प्रश्न तज्ज्ञांसाठी राखून ठेवावेत. ठेकेदारांना एकच विचारावं की ब्रेक दिलेल्या माणसाची आरोग्य फाईल कुठे जाते, आणि उत्तर मिळेपर्यंत माईक सोडू नये.